आत असलेल्या आजारी बाईसाठी बाहेरच्यांनी काय करावं

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ३६९ वं कलम वकिलांच्याही फारसं वाचनात येत नाही. मानसिक आजारामुळे एखादी आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नसेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, न्यायालयाने तिला जामिनावर सोडावं असं ते म्हणतं. अटी दोन. दवाखान्यात दाखल करूनच उपचार करावेत अशी तिची अवस्था नसावी. आणि तिचे नियमित बाह्यरुग्ण उपचार करून घेऊ, तिच्या हातून तिला किंवा इतर कुणाला इजा होऊ देणार नाही, अशी हमी तिच्या नातेवाईकाने किंवा मित्रमैत्रिणीने द्यावी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३३० होतं. १ जुलै २०२४ पासून त्याला नवा क्रमांक मिळाला.

पहिली अट डॉक्टर बघतात. अडतं ते दुसऱ्या अटीवर. पुरुष तुरुंगात गेला की भेटीच्या रांगेत त्याची आई उभी असते, बायको असते, बहीण डबा घेऊन येते. बाई आत गेली की पुष्कळदा नवराच फिर्यादी असतो, सासर तोंड फिरवतं, आणि माहेरचे गावात काय सांगायचं या विवंचनेत पडतात. त्यात ती मनाने आजारी असली तर दोन शिक्के बसतात आणि येणारी माणसं आणखी घटतात. देशातल्या कैद्यांत बायका जेमतेम चार टक्के, त्यामुळे तुरुंगाची सगळी व्यवस्था पुरुषांच्या हिशेबाने चालते. या परिस्थितीत तिच्यासाठी सगळ्यात मोलाच्या दोन गोष्टी आहेत: तिच्या आजाराचे कागद, आणि ते घेऊन येणारं एक माणूस. पुढे जे काही सांगायचं आहे ते याच दोहोंबद्दल.

उदाहरण चेन्नईचं घेते, कारण तिथे आपली माणसं आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई कामाची, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, कुटुंबं देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. चेन्नईच्या साहुकारपेठेतही ती आहेत. समजा, अशा एखाद्या घरातल्या सुनेचे उपचार लग्नाआधी मिरजेला चालू होते. लग्नानंतर गोळ्या सुटल्या, सासरी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि एका भयंकर रात्रीनंतर ती चेन्नईच्या पुळल भागातल्या महिला कारागृहात पोचली. पोलीस तमिळ बोलतात, मॅजिस्ट्रेटसमोरचं कामकाज तमिळमध्ये आणि इंग्रजीत चालतं, आणि तिला मराठी व थोडं हिंदी येतं. तिच्या आजाराची फाइल मात्र मिरजेत, आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. ती फाइल पुळलला पोचवणं हे तुमचं पहिलं काम.

पहिले काही दिवस

अटक झाल्यावर चोवीस तासांत तिला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते, आणि बाईची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली करायची असते. या तपासणीत बहुधा जखमा बघितल्या जातात, मन बघितलं जात नाही. म्हणून वकिलामार्फत, वकील नसेल तर हात जोडून स्वतः, मॅजिस्ट्रेटला सांगा: हिच्यावर अमुक आजाराचे उपचार चालू आहेत, ही औषधं आहेत, ती कोठडीत मिळावीत आणि मनोविकारतज्ज्ञाने तपासावं असा आदेश द्यावा. हे रिमांडच्या कागदावर लिहून घेतलं की तुरुंगाला ते डावलणं कठीण होतं. तोंडी सांगितलेलं त्या दालनातच राहतं.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या बाराव्या कलमानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कोठडीतल्या व्यक्तीला आणि मनोरुग्णाला तो वेगळाही आहे, म्हणजे आपल्या या बाईला तो तिन्ही कारणांनी लागू होतो. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा फोन क्रमांक. तुरुंगातही विधी सहाय्य केंद्र असतं आणि तिथे येणारे स्वयंसेवक असतात. मोफत मिळालेला वकील हलका असतो असं आपल्याकडे फार जण मानतात. काही असतातही. पण कागद हातात आयते दिले, तर असा वकील तारीख-तारीख खेळणाऱ्या महागड्या वकिलापेक्षा पुष्कळ उपयोगी पडतो.

आता ती फाइल. तुरुंगाच्या डॉक्टरला चाळीस पानं वाचायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी एका पानाचा गोषवारा करा, आणि तो इंग्रजीत व तमिळमध्ये असू द्या. त्यात तिचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, कैदी क्रमांक. आजाराचं निदान आणि तो कधीपासून आहे. औषधांची नावं कंपनीची नकोत, मूळ औषधाची, मात्रेसकट. शेवटची गोळी कधी घेतली, महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कोणत्या तारखेला. थायरॉइड, फिट्स, साखर असं काही आहे का. आधी कधी जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न झाला होता का. ती गरोदर आहे का, बाळंतपण होऊन किती दिवस झाले. तिला कोणती भाषा कळते. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव व रुग्ण क्रमांक. जुन्या दवाखान्याकडे केसपेपरच्या प्रती मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा हक्क दिला आहे. या गोषवाऱ्याची एक प्रत तुरुंग अधीक्षकांना द्या आणि पोच घ्या, एक वकिलामार्फत न्यायालयात, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. पोच फार महत्त्वाची आहे. सहा महिन्यांनी कुणी म्हणालं की आम्हाला आजाराची कल्पनाच नव्हती, तर तो शिक्का उत्तर देतो.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर

औषध अचानक तुटणं हा तुरुंगातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे, बरेच महिने घेणाऱ्या बाईच्या एकदम बंद झाल्या तर फिट येऊ शकते. लिथियम एकाएकी थांबलं तर उन्माद उसळण्याची भीती असते. क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक काळ चुकलं तर जुनी मात्रा तशीच पुन्हा देता येत नाही, अगदी थोड्यापासून चढत जावं लागतं. हे तुरुंगातल्या सर्वसाधारण डॉक्टरच्या ध्यानात असेलच असं धरून चालू नका; गोषवाऱ्यात तारखा देण्याचं कारण हेच.

चेन्नईला लिथियमबाबत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तिथला उन्हाळा घामाने निथळवणारा. पाणी कमी पडलं, जुलाब-उलट्या झाल्या, की रक्तातलं लिथियम वाढतं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं गेलं तरी वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं, तोल जाणं ही विषबाधेची लक्षणं. अशा बाईला प्यायला पुरेसं पाणी मिळतं का आणि रक्ततपासणी कधी झाली, हे विचारायला भेटणाऱ्याने लाजू नये.

हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी मान आखडते, जीभ ओढली जाते, किंवा एका जागी बसवतच नाही. सारख्या येरझाऱ्या घालणारी बाई पहारेकऱ्याला उद्धट वाटते आणि तिला शिक्षा होते; खरं तर तो औषधाचा परिणाम असतो आणि त्यावर साधा उतारा आहे. जोराचा ताप आणि अंग लाकडासारखं ताठ, असं दोन्ही एकदम झालं तर मात्र वाट बघायची नाही, तिला त्या दिवशी रुग्णालयात न्यायलाच हवं. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी पाळी थांबते. आत असलेली बाई यामुळे हादरून जाते, आपल्याला दिवस गेले की काय अशा भीतीने झोप उडते, आणि हे ती पुरुष डॉक्टरला सांगत नाही. गरोदर बाईला सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर पोटातल्या बाळाला व्यंगाचा धोका असतो, म्हणून पाळी चुकली असेल तर तपासणी मागून घ्या. बायकांच्या वॉर्डात पाळीबद्दलचे हे दोन प्रश्न विचारणारं कुणीतरी असावं लागतं.

रोजची गोळी आत नीट मिळेल का अशी शंका असेल, तर महिन्याला एकदा द्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलावं. गोळी चुकवणं, थुंकणं, साठवून ठेवणं, दुसरीने हिसकावून घेणं, हे सगळं त्याने टळतं. ते सगळ्यांना मानवत नाही आणि तिच्या संमतीशिवाय ते नुसतं सोयीसाठी टोचलं जाऊ नये.

तुरुंगात की रुग्णालयात

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १०३ वं कलम कैद्यांसाठी आहे. मनोरुग्ण कैद्याला तुरुंगाच्याच वैद्यकीय विभागातल्या मनोविकार वॉर्डात ठेवता येतं. तसा वॉर्ड नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवता येतं. प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात अशी संस्था उभारणं सरकारवर बंधनकारक आहे. चेन्नईत बाहेरची जागा म्हणजे किळपाकचं मानसिक आरोग्य संस्थान. मद्रासमधलं पहिलं वेड्यांचं इस्पितळ १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात निघालं, त्याचाच हा वंश; किळपाकच्या जागेत ते १८७१ पासून आहे. आपल्याकडे भायखळ्याच्या कैदी बाईला ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेतात, तसंच.

याच कलमात एक तरतूद अशी आहे जिचा उपयोग कुटुंबं क्वचितच करतात. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी पुनर्विलोकन मंडळाला लेखी कळवायचं असतं की या तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत. आणि मंडळ तुरुंगाला भेट देऊन विचारू शकतं, की अमुक कैदी आजारी असताना तिला उपचारासाठी का हलवलं नाही? तुमच्या बाईचा आजार कागदोपत्री सिद्ध आहे आणि तिला उपचार मिळत नाहीत, असं असेल तर मंडळाकडे अर्ज करा. त्यासाठी शुल्क लागत नाही. अर्जात फक्त एवढंच: नाव, कैदी क्रमांक, निदान, कोणत्या तारखेला अधीक्षकांना कळवलं, आणि त्यानंतर काय झालं. शिव्याशाप नकोत, तुरुंगावर निबंध नको.

रुग्णालयात हलवणं नेहमीच चांगलं असतं असं मात्र मला वाटत नाही. बंद वॉर्डात पोलीस पहारा असतो, भेटी आणखी अवघड होतात, आणि कोर्टाच्या तारखेला नेण्याआणण्याची जबाबदारी कुणाची यावर दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. तीव्र झटका आला असेल, ती जेवत नसेल, जिवाला धोका असेल तर हलवावं. एरवी तुरुंगातच मनोविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी येत असेल आणि गोळ्या वेळेवर मिळत असतील तर ते कधीकधी बरं. हा निर्णय डॉक्टरांचा, पण तुमचं मत त्यांना कळू द्या. तिच्या वतीने बोलणारी व्यक्ती म्हणून कायद्याने नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय केली आहे. ती शुद्धीवर असताना, साध्या कागदावर, तिच्या सहीने हे नाव ठरवता येतं. रुग्णालयात दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करता येत नाही, हेही त्या कायद्यात आहे.

दोन वेगळे प्रश्न

कोर्टात मानसिक आजाराचे दोन प्रश्न येतात आणि घरचे ते हमखास एकत्र करतात. पहिला: गुन्हा घडला त्या क्षणी आपण काय करतोय हे तिला कळत होतं का? भारतीय न्याय संहितेचं २२ वं कलम, म्हणजे जुन्या दंडविधानाचं ८४, त्याबद्दल आहे. दुसरा: आज, खटला चालताना, तिला आरोप समजतो का, वकिलाला माहिती देता येते का? पहिल्याचं उत्तर खटल्याच्या शेवटी मिळतं, दुसऱ्याचं आधी. आज ती गोळ्यांनी सावरली आहे म्हणून त्या रात्री ती शुद्धीवर होती असं होत नाही, आणि उलटही नाही.

पहिल्या प्रश्नासाठी पुरावा जमवावा लागतो आणि तो आरोपीच्या बाजूने द्यावा लागतो. मात्र संशयातीत सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर नसतं. संभाव्यतेचं पारडं तिच्या बाजूला झुकलं तरी पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये डाह्याभाई ठक्कर खटल्यात स्पष्ट केलं आहे. घटनेच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं न्यायालय बघतं. म्हणून औषधाच्या दुकानाच्या पावत्या, शेजारणीला रात्री दोन वाजता केलेले फोन, चार दिवस न झोपल्याचं सांगणारी मोलकरीण, हे सगळं लवकर लिहून ठेवा. वर्षभराने शेजारी घर बदलतात.

बाळंतपणानंतरच्या आजाराबद्दल इथे बोलायलाच हवं, कारण बायकांच्या तुरुंगातल्या काही अत्यंत दुःखद कथांच्या मुळाशी तो असतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक आठवड्यांत फार थोड्या बायकांना तीव्र भ्रम होतात. झोप पूर्ण उडते, बाळाबद्दल भलत्याच समजुती होतात, आणि एखादीच्या हातून बाळाला किंवा स्वतःला इजा होते. इंग्लंडमध्ये १९२२ पासून अशा आईसाठी वेगळा कायदा आहे. आपल्याकडे नाही, तिच्यावर खुनाचाच गुन्हा लागतो. त्यामुळे बाळंतपणाची तारीख, दवाखान्याचा डिस्चार्ज कागद आणि त्या दिवसांतलं तिचं वागणं सांगणारी माणसं यांना खटल्यात फार वजन येतं. आणि हे सांगणारी माणसं सासरचीच असतात, ज्यांनी नातवंड गमावलेलं असतं. त्यांच्याशी बोलायला वकील पाठवू नका. घरातलं कुणी मोठं, दोन्हीकडे मान असलेलं माणूस जावं, आणि त्यांचं दुःख आधी ऐकून घ्यावं.

वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष सुटली तरी ती लगेच घरी येत नाही. न्यायालय तिला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देतं किंवा हमी घेऊन नातेवाईकाच्या स्वाधीन करतं. पुन्हा तेच: हिचं कोण आहे?

कुणीच आलं नाही तर काय होतं हे आपल्या न्यायालयांनी पाहिलं आहे. वीणा सेठी यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगाची दखल घेतली तेव्हा मनोरुग्ण म्हणून डांबलेले कैदी वीस-तीस वर्षं तिथेच होते, बरे झाल्यावरही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई सेंट्रल जेलमधल्या पंधरा बायकांशी बोलून पत्र लिहिलं; पैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना त्या बायकांना भेटायला धाडलं आणि १९८३ मध्ये बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री पोलिसांचा पहारा, अटक होताच विधी सहाय्य समितीला खबर, असे आदेश दिले. बारसे यांच्याच दुसऱ्या याचिकेवर १९९३ मध्ये, कुठलाही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदेशीर ठरलं. यातल्या पहिल्या दोन प्रकरणांची सुरुवात एकेका पत्राने झाली होती, हे अर्ज लिहिताना कंटाळा आला की आठवावं.

खटला रेंगाळला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम वकिलाला दाखवा. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे सोडले, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ कच्ची कैद झालेल्याला जामिनाचा हक्क पोचतो, एकाहून अधिक खटले चालू नसतील तर. आणि ४८० व्या कलमात स्त्री व आजारी व्यक्तीसाठी जामिनाची खास सवलत आहे.

भेटीला गेल्यावर

पुळल हे चेन्नई शहराच्या उत्तरेला, कोलकात्याच्या महामार्गावर, रेडहिल्स तलावाच्या बाजूला आहे. भेटीचे वार, लागणारी ओळखपत्रं, ई-मुलाकातची सोय आणि मराठीत बोलू देतात का, हे गाडीत बसण्याआधी विचारून घ्या. सांगलीहून चेन्नईला जाऊन दारातून परत येणं परवडत नाही. घरच्यांना दर महिन्याला जमणार नसेल तर चेन्नईतल्या एखाद्या मराठी कुटुंबाला विनंती करा. आपल्या मंडळांतून गणपती, दिवाळी पहाट, नाटक सगळं होतं. तुरुंगातल्या एका बाईला महिन्यातून एकदा आपल्या भाषेत चार शब्द ऐकवणं मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत का बसू नये?

बोलायला मिनिटं थोडी मिळतात. ‘असं का केलंस?’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर तिच्याकडे नाही आणि असलं तरी तिथे ऐकणारे दुसरेही असतात. गुन्ह्याबद्दल फक्त वकिलाशी बोलू दे. तिला भलते भास होत असतील तर वाद घालू नका आणि होला होही देऊ नका. ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला’ एवढं पुरे. ‘पुढच्या आठवड्यात सुटशील’ असं खोटं तर मुळीच नको. तो आठवडा ती मोजते. त्यापेक्षा विचारा: झोप किती लागते? गोळ्या कोण देतं, किती, समोर गिळायला लावतात का? अंघोळ, पॅड, पाणी? कुणी मारतं का? आणि बघा: वजन, हाताची थरथर, केसांत जटा, मनगटावरचे वण. भेट झाली की बाहेर येऊन तारीख घालून लिहून ठेवा. पोरांची खबर खरी द्या. मुलगा विचारत नाही तर विचारतो म्हणू नका, पण त्याने शाळेत काढलेलं चित्र परवानगी घेऊन जरूर पाठवा. खर्चाचे पैसे तिच्या कैदी खात्यातच भरा, कुणाच्या हातात देऊ नका.

अटकेनंतरचे पहिले आठवडे, जामीन नाकारला तो दिवस, निकालाचा दिवस, आणि आईबरोबर तुरुंगात वाढलेलं मूल बाहेर पाठवण्याचा दिवस, हे धोक्याचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालानंतर मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ राहू शकतं. ती ‘आता काही राहिलं नाही’ असं म्हणाली, एकाएकी शांत झाली, वस्तू वाटून टाकायला लागली, तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा आणि प्रत विधी सेवा प्राधिकरणाला द्या. तिला एकटीला कोठडीत टाकू नये असं त्यात स्पष्ट लिहा. एकांतवास हा आत्महत्या टाळण्याचा उपाय समजला जातो आणि नेमकं उलटं होतं. तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक कुटुंबीयांसाठीही आहे.

आत तिला काम मिळतं का, हेही विचारा. पुळलच्या तुरुंगाने २०२३ मध्ये शिक्षा झालेल्या बायकांनी चालवायचा पेट्रोल पंप सुरू केला. अशा कामांवर मनोरुग्ण बाईला घेत नाहीत, ‘ती नको’ म्हणतात. गोळ्या चालू असलेली, स्थिर बाई शिवणकाम, स्वयंपाक, बाग सहज करू शकते, आणि दिवसभर छताकडे बघत पडण्यापेक्षा ते तिच्या प्रकृतीला फार बरं. डॉक्टरांकडून तसा शेरा मिळवता येतो.

सुटकेच्या आधी

सुटकेचा आदेश बऱ्याचदा संध्याकाळी तुरुंगात पोचतो आणि बाई अंधार पडल्यावर दारात उभी राहते, हातात पिशवी, औषध नाही, फोन नाही. तारीख जवळ आली की आधीच लेखी मागणी करा: सोडताना किमान काही दिवसांच्या गोळ्या आणि उपचारांचा गोषवारा सोबत द्यावा, आणि आम्हाला कळवल्याशिवाय रात्री सोडू नये. घरी न्यायला जमत नसेल, किंवा घरी नेणंच तिच्या जिवाला धोक्याचं असेल, तर सोय आधी शोधा. चेन्नईत ‘द बनियन’ ही संस्था १९९३ पासून रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण बायकांसाठी काम करते. वस्तीतल्या साध्या भाड्याच्या घरांत चार-पाच जणींनी मिळून राहायचं, असा त्यांचा उपक्रम आहे. बाह्यरुग्ण उपचार आणि पुनर्वसनासाठी डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये उभारलेली ‘स्कार्फ’ आहे. मुंबईत असाल तर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगातल्या बायकांना भेटतात, त्यांच्या घरच्यांशी बोलतात. कलम ३६९ मध्ये ‘मित्र’ असाही शब्द आहे, म्हणून रक्ताचं कुणी नसेल तर हमीसाठी कोण चालेल, हे वकिलाने न्यायालयाला विचारावं.

बाहेर आल्यावर तिला थेट कुठल्या दर्ग्यात किंवा देवस्थानात नेऊन ठेवू नका. तमिळनाडूतल्याच एर्वाडी गावी ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही. माणसाला साखळीने बांधणं आज कायद्याने बंद आहे. नवस बोलायचा असेल तर बोला, गोळ्या चालू ठेवून.

जामिनावर असेल तर तारीख चुकता कामा नये. अजामीनपात्र वॉरंट निघालं की सगळी मेहनत वाया जाते. ती रुग्णालयात असल्यामुळे हजर राहू शकत नसेल, तर वकिलाकडून दाखला त्याच दिवशी न्यायालयात जाऊ द्या. मधल्या काळात दिव्यांगत्वाचा दाखला काढून ठेवा. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो आणि चाळीस टक्क्यांचं प्रमाण ठरलं तर पेन्शनसारख्या योजनांचा मार्ग खुला होतो. आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर कोर्टाची पुढची तारीख, डॉक्टरांची तारीख आणि इंजेक्शनची तारीख तिन्ही एकाच शाईने लिहा, म्हणजे घरात ज्याला सवड असेल तो तिला घेऊन निघेल.